चाळीस पदरी बंडी

आम्ही घाटाखालची माणसं. मे महिन्यात अंगातला सदराही आम्हाला नकोसा होतो. अशाच मे महिन्यात, 1591 साली, मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडला निजामशाहीच्या गादीसाठी लढाई झाली (जुन्या गॅझेटियरात 1590 आहे). एका बाजूला बुऱ्हाण आणि त्याच्या मदतीला खानदेशचा राजा अली खान. दुसऱ्या बाजूला बुऱ्हाणच्याच पोराला, इस्माईलला, गादीवर बसवून कारभार हाकणारा महदवी सरदार जमाल खान. जमाल खानाची फौज उन्हातान्हात लांबची मजल मारून तहानेनं बेजार झालेली. तो लढाईत पडला आणि बाप पोराच्या जागी गादीवर बसला.

त्याआधी 1437 मध्येही इथंच बहमनींचा सरदार खलफ हसन बसरी यानं खानदेशच्या नसीर खानाला हरवून पार बुऱ्हाणपूरपर्यंत पिटाळलं होतं. डोंगराच्या पायथ्याला, चढणीच्या तोंडाशी असलेल्या गावाच्या नशिबी हे असतंच.

मला मात्र कोण जिंकलं यापेक्षा त्या उन्हात सरदार-शिलेदारांनी अंगावर काय चढवलं असेल, याचंच कुतूहल. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रांमुळे चिलखत म्हटलं की आपल्याला लोखंडच दिसतं. पण या शब्दाचं मूळ फारसी ‘चिहिलकद’ मानतात, आणि ‘चिहिल’ म्हणजे चाळीस. सूफींचा चाळीस दिवसांचा ‘चिल्ला’ त्यातलाच. म्हणजे मुळात ही कापडाची चाळीस पदरी बंडी! चाळीस हा आकडा मोजून घेऊ नये, ‘पुष्कळ’ एवढंच समजावं. कापसाच्या वऱ्हाडात अशा बंडीला माल कमी पडला नसणार. तलवारीचा वार अशा जाड थरांत रुततो, बाणाचा जोर मरतो. बंदुकीच्या गोळीपुढे मात्र तिचं फारसं चालत नाही.

लोखंडाची नावं वेगळी. कड्यात कडी गुंफून विणलेली ती जिरह, पोलादी पट्ट्या जोडून केलेलं ते बख्तर. छाती, पाठ आणि दोन कुशींवर चार तकतकीत पत्रे बांधले की झाला चार-आईना, म्हणजे चार आरसे. आपला ‘जिरेटोप’ या जिरहमधूनच आला. त्याचा जिऱ्याशी काही संबंध नाही. आज तो लग्नाच्या मिरवणुकीत आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात कापडाचा, मोत्यांच्या माळांचा मिळतो. मला ते बघवत नाही, पण शब्द टिकला हेही खरं.

फारसीच्या आधीचे शब्द तर आपण न ओळखता वापरतो. संस्कृतात ‘संनाह’ म्हणजे चिलखत, ‘नह्’ म्हणजे बांधणं. ते अंगावर आवळून बांधलेला तो सन्नद्ध. निवडणूक आली की वर्तमानपत्रात सगळेच पक्ष सन्नद्ध असतात, बिनचिलखताचे. ‘वर्म’ची गंमत आणखी मोठी. संस्कृतात वर्म म्हणजे चिलखतच, अगदी ऋग्वेदापासून. मराठीत मात्र वर्मावर बोट ठेवलं की माणूस कळवळतो, कारण आपण त्यात ‘मर्म’ मिसळून टाकलं. झाकणारी वस्तू आणि उघडी पडणारी जागा, दोन्हींना एकच शब्द.

माझा सगळ्यात आवडता शब्द पाखर. संस्कृत ‘प्रक्षर’, प्राकृत ‘पक्खर’, मराठी पाखर: घोड्याचं किंवा हत्तीचं चिलखत. घोड्यावर पाखर घालत. आता आपण ‘मायेची पाखर’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे पिलांवर पंख धरलेली कोंबडी येते. ही मायेची पाखर पंखावरूनही आली असेल, पण ते जुनं झाकणंही तिच्या आड असावं, असं मला वाटतं. पुरावा मागू नका.

रोहिणखेडला आज एक छोटी, देखणी मशीद आहे. जमाल खानाच्याच बाजूच्या खुदावंद खान महदवीनं ती 1582 मध्ये बांधली, म्हणजे लढाईच्या आधी. अजिंठ्याकडे जाताना वाट थोडी वाकडी करून ती जरूर बघा. आणि जमाल खान ज्या दरबाराचा कारभार हाकत होता त्या नगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, भारतीय सैन्याचं रणगाड्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे. मराठीत त्या दलाला चिलखती दल म्हणतात.