तिसऱ्या क्रमांकाचा माणूस

पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, म्हणजे सुमारे इ.स. ५४-५५च्या मजकुरात, एक क्रमवारी दिली आहे. पहिले प्रेषित, दुसरे संदेष्टे, तिसरे शिक्षक. रोग बरे करणारे, कारभार पाहणारे, अन्य भाषांत बोलणारे हे सगळे त्यानंतरचे. पौलाने आकडे घालून लिहिले आहे, त्यामुळे हा क्रम सहज ओघात आला असे म्हणता येत नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात अंत्युखियाच्या मंडळीतील पाच माणसांची नावे आहेत : बर्णबा, निगर म्हटलेला शिमोन, कुरेनेचा लूक्य, मनाएन आणि शौल. त्यांची ओळख ‘संदेष्टे व शिक्षक’ एवढीच करून दिली आहे. बिशपचा उल्लेख या दोन्ही ठिकाणी नाही. मग दोनशे वर्षांनी शिकवण्याचा अधिकार बिशपच्या हाती कसा गेला?

शिक्षकासाठी मूळ ग्रीक शब्द ‘दिदास्कालोस’. शुभवर्तमानांत लोक येशूला वारंवार याच शब्दाने हाक मारतात. आणि तोच येशू मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात शिष्यांना बजावतो, की लोकांकडून ‘रब्बी’ म्हणवून घेऊ नका. तुमचा शिक्षक एकच, बाकी तुम्ही सारे भाऊ. मराठी अनुवादात इथे ‘गुरुजी’ आले आहे. आपल्या कानांना त्यात गुरुपरंपराही ऐकू येते आणि शाळाही, म्हणून या नकाराची धार मराठीत थोडी जास्तच लागते. शिकवणे हवे, पण शिकवणाऱ्याचा मोठेपणा नको, ही अडचण धर्मग्रंथानेच अशी उभी करून ठेवली आहे.

याकोबाच्या पत्रात ती आणखी स्पष्ट होते. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी लेखक सांगतो, की तुमच्यापैकी फार जणांनी शिक्षक होऊ नये, कारण आपला न्याय अधिक कडक होणार आहे. ‘तुमचा’ नव्हे, ‘आपला’. लिहिणारा स्वतःला त्यात धरतो. त्यापुढे जिभेविषयीचा प्रसिद्ध भाग येतो : घोड्याच्या तोंडातला लगाम, जहाजाचे सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी. प्रवचनांत हा भाग चहाडी आणि निंदेविरुद्ध वापरला जातो. माझ्या मते तो आधी शिक्षकांसाठी आहे. लहानसे सुकाणू सबंध जहाज वळवते, तसा एक शिक्षक सबंध मंडळी वळवतो.

पण फार जणांना शिक्षक व्हावेसे का वाटत होते? ज्या समाजात बहुतेकांना वाचता येत नव्हते, तिथे शास्त्र वाचून उलगडून सांगणाऱ्याला मान होता. शिवाय पोटाची सोय होती. गलतीकरांना लिहिताना पौल सांगतो, की शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याला आपल्या चांगल्या वस्तूंत वाटा द्यावा. जिथे वाटा आला, तिथे भोंदूही आले.

हे व्यवहारात कसे चालले, याचा पुरावा फार उशिरा हाती लागला. फिलोथिऑस ब्रिएनिऑस या ग्रीक धर्माधिकाऱ्याला १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये एक हस्तलिखित सापडले. प्रत १०५६ सालची. पण तिच्यातली ‘दिदाखे’, म्हणजे ‘शिकवण’ ही छोटी पुस्तिका बहुतेक अभ्यासक पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या आरंभाची मानतात. तिच्यातले नियम अगदी घरगुती आहेत. फिरता प्रेषित आला तर त्याला एक दिवस ठेवावे, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा. जाताना भाकरी द्यावी. पैसे मागितले तर तोही खोटा. खरा शिक्षक मात्र मजुरासारखा अन्नाला पात्र आहे. मजुराची ही उपमा मला महत्त्वाची वाटते. भाकरी मिळते ती कामाची, पदाची नव्हे.

याच पुस्तिकेच्या पंधराव्या प्रकरणात पारडे फिरताना दिसते. तिथे मंडळीला सांगितले आहे, की आपल्यासाठी अध्यक्ष आणि सेवक निवडा. तेही संदेष्टे व शिक्षक यांचीच सेवा करतात, म्हणून त्यांना कमी लेखू नका. म्हणजे त्या काळी लोक त्यांना कमी लेखत होते! मराठी बायबल ज्याला ‘अध्यक्ष’ म्हणते, त्याच ग्रीक शब्दावरून पुढे ‘बिशप’ आला. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर अध्यक्षाच्या अंगी हव्या त्या गुणांत शिकवण्याची हातोटी घातलेली आहे. त्याच पत्रात स्त्रीने शिकवू नये असेही आहे. वास्तविक अपुल्लोस या विद्वान वक्त्याला बाजूला घेऊन मार्ग अधिक नीट समजावून देणाऱ्या जोडप्यात प्रिस्किल्लेचे नाव आधी येते. अधिकार पदाशी बांधला जाऊ लागला, तसे पदाबाहेरचे गळू लागले.

या ओढाताणीची सर्वांत ठळक कहाणी ओरिजेनची. ती आपल्याला मुख्यतः युसेबियस या इतिहासकाराकडून कळते, आणि तो ओरिजेनचा चाहता होता हे ध्यानात ठेवून वाचावी लागते. अलेक्झांड्रियात सुमारे इ.स. २०२ मध्ये ओरिजेनच्या वडिलांना ख्रिस्ती असल्याबद्दल मृत्युदंड झाला. मुलगा सतराच्या आसपास, पाठीवर सहा धाकटे भाऊ. बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांना शिकवायला कोणी उरले नव्हते; ते काम त्याच्याकडे आले. त्याने आपल्याजवळची ग्रीक पुस्तके विकली, आणि घेणाऱ्याने रोज चार ओबोल द्यावेत असे ठरवले. तेवढ्यात तो जगे. शिष्यांकडून काही घेण्याची पाळी त्याने येऊ दिली नाही.

आणि शिष्य मारले जाऊ लागले. पहिला प्लुटार्क. त्याला वधासाठी नेत असताना ओरिजेन बरोबर गेला, तर याच्या मरणाला हाच कारण म्हणून गावकरी त्याच्याच जिवावर उठले. याकोबाने कडक न्यायाची गोष्ट सांगितली होती ती देवाच्या दरबारातली. इथे तो न्याय भर रस्त्यात होऊ घातला. गावकऱ्यांचे सर्वस्वी चुकले, असे मला म्हणवत नाही.

पुढे सुमारे २१५ साली कैसरियाच्या बाजूच्या बिशपांनी ओरिजेनला मंडळीपुढे शास्त्र उलगडायला सांगितले. त्याने गुरुदीक्षा घेतलेली नव्हती. अलेक्झांड्रियाचा बिशप डेमेट्रियस संतापला : बिशप समोर बसलेले असताना दीक्षा नसलेल्याने प्रवचन करावे, हे कधी ऐकले नाही. तिकडच्या बिशपांनी पूर्वीचे दाखले नावानिशी कळवले, पण ओरिजेनला परतावे लागले. सुमारे २३१ साली कैसरियात त्याला दीक्षा मिळाली, तर ती आपल्याला न विचारता दिली म्हणून डेमेट्रियसने सभा भरवली आणि अलेक्झांड्रियात राहण्यास व शिकवण्यास त्याला मनाई केली. ज्याने कोवळ्या वयात त्याच्यावर शाळा सोपवली होती, तोच हा डेमेट्रियस.

ओरिजेन कैसरियात राहिला, शिकवत राहिला. २५०च्या छळात त्याचे हाल झाले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तो वारला. अलेक्झांड्रियाची शाळा त्याचा जुना शिष्य हेराक्लास याच्याकडे गेली. डेमेट्रियसच्या मृत्यूनंतर तोच तिथला बिशप झाला. हा हेराक्लास म्हणजे प्लुटार्कचा सख्खा भाऊ.