मागचं वर्ष धरतील का?

देवणीहून भालकी जवळ, लातूर लांब. मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक अशी रेघ आहे, पण सोयरीक, बाजार आणि बैल यांनी ती कधी फारशी मानली नाही. १९५६ च्या आधी ती रेघ नव्हतीच. उदगीर तालुका तेव्हा बीदर जिल्ह्यात होता आणि बीदर हैदराबाद राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात आले. बीदर आणि भालकी म्हैसूर राज्यात गेले. एका जिल्ह्यातली गावं वेगवेगळ्या राज्यांत पडली.

हे सगळं मला आठवायचं कारण म्हणजे माझी मामेबहीण. इकडच्या एका कॉलेजात तिचं बी.ए.चं पहिलं वर्ष पूर्ण झालं आणि लग्न होऊन ती भालकीकडे गेली. कॉलेज सुटलं. आता तिला घरी बसून ऑनलाइन पदवी पूर्ण करायची आहे. फोनवर तिने विचारलं, "अक्का, माझं एक वर्ष बुडालं म्हणायचं, की नवीन ठिकाणी धरतील?"

तिला वाटत होतं की हा प्रश्न मोबाइलच्या जमान्यातला आहे. पण आपल्या भागातली मुलं हाच प्रश्न निदान १९३८ पासून विचारत आली आहेत. म्हणून तिला उत्तर देण्याआधी मी मागे जाऊन पाहिलं.

*

निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झालं. शिक्षणाचं माध्यम उर्दू. मराठवाड्यातल्या मुलाला आपल्याच राज्यात पदवी घ्यायची तर वाट हैदराबादकडे जायची. १९३८ च्या अखेरीस औरंगाबादच्या कॉलेजात आणि हैदराबादच्या वसतिगृहांत विद्यार्थी प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणू लागले. त्यावर बंदी आली. मुलांनी ऐकलं नाही, संप झाला, आणि शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं.

इतिहासाच्या पुस्तकात ही गोष्ट बहुतेक इथे संपते. मला मात्र पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. काढलेल्या मुलांपैकी कोणी दुसऱ्या वर्षाला होतं, कोणी शेवटच्या. आता त्यांचं काय? नागपूर विद्यापीठाने दार उघडलं आणि या विद्यार्थ्यांना प्रवेश दिले. त्यांच्यात पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. संस्थान सोडून ब्रिटिश प्रांतात जायचं, उर्दूत शिकलेले विषय इंग्रजीत शिकायचे, अनोळखी गावात राहायचं, हे सगळं त्यांनी केलं. पण ते करण्याची संधी मिळाली, कारण पलीकडे एक विद्यापीठ 'या' म्हणालं.

ही गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शिक्षण तुमच्या डोक्यात असतं, पण ते मोजायचं की नाही हे ज्याच्या दारात तुम्ही उभे असता तो ठरवतो.

*

पुढे विद्यार्थी जागेवर राहिले आणि विद्यापीठच बदललं, असंही आपल्याकडे दोनदा झालं.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं आणि त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज सुरू केलं, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं जाऊ लागलं. मराठवाड्यातली कॉलेजं तेव्हा उस्मानियाशी जोडलेली होती. २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं आणि ती तिकडे गेली. मग १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं आणि नांदेड, लातूर, परभणीकडची कॉलेजं औरंगाबादकडून नांदेडकडे आली.

अशा वेळी मधल्या वर्गात असलेल्यांचं वर्ष बुडत नाही. सरकारच बदल घडवतं, तेव्हा जुन्या वर्षांची सोयही सरकारच लावतं. एकट्या मुलीचं लग्न झालं, एकट्या मुलाला पुण्याला कामाला जावं लागलं, की मात्र त्याला स्वतःच खिडकीपुढे उभं राहावं लागतं. त्याच्या हातात मायग्रेशन सर्टिफिकेट असायचं. हा कागद तुम्हाला जाऊ देतो, पण तुम्ही सोबत काय घेऊन चाललात याबद्दल त्यात काहीच नसतं. पुढचं विद्यापीठ अभ्यासक्रम ताडून पाहायचं आणि जुळला नाही तर पुन्हा पहिल्या वर्षाला बसवायचं. किती जणांनी तिथेच शिक्षण सोडलं असेल, त्याची नोंद कोणत्याच रजिस्टरात नसते.

*

यावर एक तोड अमेरिकेत निघाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी विद्यार्थ्यांना विषय निवडायची मोकळीक दिली. प्रत्येकाचे विषय वेगळे झाले, तर 'किती शिकलास' हे मोजायचं कसं? मग शिकण्याला माप आलं. १९०५ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी निधी दिला. त्यासाठी 'कॉलेज' कशाला म्हणायचं हे ठरवावं लागलं, आणि त्यातून शाळेतल्या एका विषयाचे वर्षभरातले सुमारे १२० तास म्हणजे एक युनिट, असा हिशेब पक्का झाला. पेन्शन द्यायला निघालेल्या संस्थेमुळे शिक्षणाला तास मोजायची सवय लागली.

माप आलं की वाहतूकही येते. युरोपात १९८७ मध्ये विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची इरॅस्मस योजना निघाली आणि तिच्यासाठी १९८९ पासून देशोदेशी चालेल अशी क्रेडिटची पद्धत आली.

सरकारी मराठीत क्रेडिटला 'श्रेयांक' म्हणतात. पण बाजारात त्याला जुना शब्द आहे, पत. आडत दुकानदार उधार देतो तो पत पाहून. मला हा शब्द जास्त खरा वाटतो. श्रेयांक म्हटलं की वाटतं, ते आपण कमावले आणि आता ते आपलेच. पत म्हटलं की कळतं, समोरच्याने ती मानावी लागते.

*

कॉलेजात न जाता पदवी घेणंही जुनंच आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये आपल्या परीक्षा बाहेरच्या विद्यार्थ्यांना खुल्या केल्या. आपल्याकडे १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्राद्वारे अभ्यासक्रम सुरू केला. देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबादला निघालं आणि आज त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे. १९८५ मध्ये इग्नू आलं. १ जुलै १९८९ ला नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले. बारावी न झालेल्या प्रौढांसाठी या विद्यापीठाने पूर्वतयारी अभ्यासक्रम ठेवला होता. शेतकरी, पोलीस, अंगणवाडीतल्या बाया, संसारात अडकलेल्या सुना, सगळ्यांना त्यामुळे वाट मिळाली.

पण 'मुक्तचा आहे का?' असं विचारताना लोकांचा आवाज जरा खाली यायचा, तो आजही येतो. कायद्याने मात्र हा प्रश्न सुटलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, आणि २०२२ मध्ये आयोगाने ते पुन्हा स्पष्ट केलं.

*

जुलै २०२१ मध्ये 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' सुरू झाली. डिजिलॉकरमधून खातं निघतं, बारा अंकी क्रमांक मिळतो आणि कॉलेज तुमचे श्रेयांक तिथे जमा करतं. एका वर्षाचे साधारण ४० ते ४४. या रकमेवर तुमचं नाव असतं, पण भरणा तुम्हाला करता येत नाही, तो संस्थाच करते. श्रेयांक साधारण सात वर्षं चालतात. आणि ज्या विद्यापीठाची पदवी हवी, निदान निम्मे श्रेयांक तिथूनच मिळवावे लागतात.

मामेबहिणीला हेच समजावलं. एक वर्ष झालेलं असेल तर निम्म्याची अट आड येत नाही, दोन वर्षं सगळी बाकीच आहेत. पण बँक नुसती साठवते. 'घेऊ' किंवा 'नाही घेत' हे पुढचं विद्यापीठच म्हणतं, आणि तेही विषय जुळवून. तिचा मुख्य विषय मराठी. नव्या ठिकाणी तो मुख्य विषय नसेल, तर मागचे काही श्रेयांक ऐच्छिक म्हणून धरले जातील, काही गळतील. शिवाय कर्नाटकाने २०२४ मध्ये चार वर्षांची पदवी मागे घेऊन तीन वर्षांची पुन्हा आणली. म्हणजे रेघेच्या दोन बाजूंना पदवीची बांधणी सारखी नाही.

राज्याचं मुक्त विद्यापीठ घ्यावं तर त्याचं क्षेत्र राज्यापुरतं. केंद्र आणि परीक्षा माहेरच्या बाजूला. ऑनलाइन पदवीला अशी हद्द नाही, म्हणून तिची नजर तिकडे गेली, ते बरोबरच होतं. फोनवर जाहिराती मात्र विद्यापीठाच्या कमी आणि ॲपवाल्यांच्या जास्त येतात. पदवी विद्यापीठ देतं, ॲप नाही. दुसऱ्याला ठेका देऊन पदवी चालवायला आयोगाची मनाई आहे.

आमच्याकडे बैल घेताना आधी दात बघतात, मग रंग. आम्हीही तसंच केलं. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं नाव, तोच अभ्यासक्रम आणि याच वर्षाच्या याच सत्राची मान्यता आहे का, ते पाहिलं. मागच्या वर्षीची मान्यता या वर्षी असेलच असं नसतं. नर्सिंग, इंजिनिअरिंग, फार्मसी, कायदा हे ऑनलाइन देतो म्हणणाऱ्याला तिथेच सोडायचं, कारण त्यांना परवानगीच नाही. जुन्या कॉलेजाकडून श्रेयांक खात्यात चढलेत ना, ते उघडून बघितलं. आणि शेवटी तिने दोन विद्यापीठांना गुणपत्रक आणि अभ्यासक्रम जोडून मेल केला: माझे कोणते श्रेयांक धराल, कोणत्या सत्रात बसवाल, लेखी कळवा. फी त्यानंतर.

एका ठिकाणाहून गोड फोन आला, "मॅडम, आधी ॲडमिशन घ्या, बाकी होऊन जाईल." तिने ते नाव खोडलं. दुसरीकडून यादी आली. दोन विषय गळालेत, बाकीचे धरलेत. ती तिसऱ्या सत्रात बसेल आणि ते दोन सोबत काढेल.

१९३८ च्या मुलांना असं आधी विचारून निघायची सोय नव्हती. त्यांना काढलं गेलं, मग ते दार शोधत निघाले, आणि एक दार उघडं मिळालं. आज खातं आहे, क्रमांक आहे, नियम आहेत. तरी 'या' म्हणणारं कोणीतरी पलीकडे लागतंच. फरक एवढाच की आता ते 'या' पैसे भरण्याआधी लेखी मागता येतं. ते मागायला लाजू नका.