नानांचा कान

आमच्या गोवंडीच्या चाळीत पहाटे साडेपाचला पहिली कडी वाजायची ती नानांच्या दाराची. नाना म्हणजे माझे थोरले काका. फर्स्ट शिफ्ट असली की डबा, टॉवेल आणि खिशात एक जुना लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन ते निघत.

आजी सांगायची, ती लग्न होऊन आली तेव्हा इकडे खाडी, मिठागरं आणि चिखलच होता. तिला साल आठवत नसे. ती म्हणायची, "रात्री आभाळ पहिल्यांदा लाल दिसलं ना, तेव्हा तुझे बाबा रांगत होते." ती लाली माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांची; ते 1954 आणि 1955 मध्ये सुरू झाले. 1956 मध्ये टाटांचं ट्रॉम्बेचं वीजकेंद्र आलं, आणि त्याच वर्षी 4 ऑगस्टला अप्सरा अणुभट्टी चालू झाली. 1965 मध्ये खत कारखाना उभा राहिला. देशातली सगळ्यात नवी यंत्रं आमच्या खाडीकाठी आली आणि ती चालवायला दहावी-आयटीआय झालेली मुलं लागली. नाना त्यांतलेच, 1967 साली लागलेले.

त्यांचं काम फील्डवरचं. दर तासाला गेज बघायचा, आकडा लॉगबुकात भरायचा आणि रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. पण खरं काम आकडा भरून झाल्यावर सुरू व्हायचं. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. चांगलं बेअरिंग एकसारखं गुणगुणतं. खराब व्हायला लागलं की त्यात बारीक खडे फिरल्यासारखा आवाज येतो. एका नाइटला पॅनलवर सगळं नॉर्मल होतं, तरी नानांनी कंट्रोल रूमला फोन केला. शिफ्ट इन्चार्जनं त्यांना एकच प्रश्न विचारला, "नक्की ना?" आणि स्टँडबाय पंप चालू केला. सकाळी पंप उघडला तर बेअरिंगचा पिंजरा तुटलेला.

या गोष्टीत नानांच्या कानाइतकंच मला त्या इन्चार्जचं मोल वाटतं. त्यानं ऐकून घेतलं.

डिसेंबर 1984 मध्ये भोपाळच्या कारखान्यातल्या वायुगळतीची बातमी आली तेव्हा आमच्याकडे कोणी झोपलं नाही. वारा माहुलकडून आला की बायका खिडक्या लावून घ्यायच्या. नाना दिवसेंदिवस पेपर वाचत बसायचे. त्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेटच्या विभागात शिफ्टला बारा ऑपरेटर असत, तिथे सहा उरले होते. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंद होती. गेजवर विश्वास ठेवायची सवय कामगारांनी सोडली होती. त्या रात्री गळतीची पहिली खबर दिली ती त्यांच्या चुरचुरणाऱ्या डोळ्यांनीच. पुढे 1987 मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोका जवळ आलाय असं वाटलं तर ते व्यवस्थापनाच्या कानावर घालण्याचा हक्क कामगाराला कलमातून मिळाला. नाना ते कलम शाळेतल्या पाठासारखं म्हणून दाखवत.

मग संगणक आले. भिंतभर तबकड्या गेल्या आणि त्यांच्या जागी पडदे लागले. नाना कधी त्यांच्या विरोधात बोलले नाहीत. पडदा थकत नाही, पेंगत नाही, हे ते मान्य करत. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी 1983 सालीच लिहून ठेवलं होतं की सोपं काम यंत्राकडे गेलं की अवघड तेवढं माणसाकडे उरतं, आणि ती अवघड वेळ येईपर्यंत त्याची हातची सवय मोडलेली असते. नानांनी हा निबंध वाचलेला नव्हता. ते इतकंच म्हणत, "पंपाजवळ रोज गेलं नाही, तर तो बिघडला हे कळणार कसं?"

आता नाना ऐंशीला टेकले आहेत. शेजारचा मुलगा दोन वर्षांपासून अशाच एका कारखान्यात कंत्राटावर जातो. गेल्या पावसाळ्यात नानांनी त्याला आपला स्क्रूड्रायव्हर दिला, मूठ कुठे टेकवायची ते त्याच्या कानामागे बोट ठेवून दाखवलं. आठवड्याभरानं तो सेकंड शिफ्ट करून रात्री थेट नानांकडे आला. चप्पलही काढली नव्हती.

"नाना, तीन नंबरमध्ये खडे वाजतायत."

नाना उठून बसले. "कोणाला सांगितलंस?"

मुलगा खाली बघत राहिला. म्हणाला, "नाना, मी कंत्राटी आहे."

नानांनी चष्मा लावला आणि फोन त्याच्या हातात दिला.