शेवाळ 'उपद्रवी' कधी झालं?

समजा, तुम्ही जळगावात किंवा धुळ्यात घरी खाऱ्या पाण्याचा फिशटँक ठेवलाय. दोन महिन्यांत काच हिरवी होते, दगडांवर केसांसारखे तंतू वाढतात. आणि तुम्ही पीएच.डी.च्या तयारीत असाल, तर लगेच विषयही सुचतो: 'शेवाळ मारण्याच्या उपायांचा तुलनात्मक अभ्यास'. जरा थांबा. शेवाळ हा उपद्रव आहे, हे या विषयाने आधीच धरून चाललंय. ते कधीपासून, हे आज पाहू.

१८५० साली लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी एक प्रयोग मांडला. गोड्या पाण्यात मासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्या. वनस्पती प्राणवायू देणार, मासे जगणार. पण पानं सडली, पाणी गढूळ झालं. मग त्यांनी पाण्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी सडकी पानं आणि बुळबुळीत थर खाऊन टाकला आणि टाकी सावरली. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांनी मीठ आणि इतर क्षार मिसळून घरच्या घरी समुद्राचं पाणी करायची कृती दिली. त्यात ते आधी हिरवं समुद्री शेवाळ लावत आणि मग प्राणी सोडत. तेव्हा विजेचे पंप नव्हते. प्राणवायूचं काम शेवाळाकडेच होतं. म्हणजे सुरुवातीला ते टाकीतलं कामकरी होतं.

मग हौस वाढली. टाक्या दिवाणखान्यातल्या खिडक्यांशी आल्या, ऊन लागलं आणि पाणी हिरवंगार होऊ लागलं. यावर विल्यम अल्फर्ड लॉइड यांनी अंधाराचा उपाय मोठ्या प्रमाणावर वापरला. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्यांनी मत्स्यालय उभारलं. तिथलं बहुतेक पाणी खाली अंधाऱ्या हौदात असायचं आणि तेच टाक्यांतून फिरवलं जायचं. शेवाळ मारायचं कसं, हा त्यांचा प्रश्न नव्हता. उजेड किती द्यायचा, हा होता.

विसाव्या शतकात पंप आणि फिल्टर घरोघरी आले. प्राणवायू यंत्राने मिळू लागला, तसं शेवाळाचं काम गेलं. माझ्या वाचनाप्रमाणे, 'उपद्रवी' हा शिक्का पक्का झाला तो इथे. शेवाळ तेच होतं, टाकीची व्यवस्था बदलली होती. गंमत म्हणजे १९८०च्या सुमारास स्मिथसोनियन संस्थेतल्या वॉल्टर एडी यांनी त्याला पुन्हा कामाला लावलं. वेगळ्या जाळीवर, भरपूर उजेडात शेवाळ मुद्दाम वाढवायचं आणि वरचेवर खरवडून बाहेर काढायचं. पाण्यातलं जादा नायट्रेट-फॉस्फेट त्याच्याबरोबर निघून जातं.

आता खानदेशात या. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली समुद्रासमोर उभं राहिलं. आपल्याकडे मीठ पाकिटातलं, पाणी नळाचं नाहीतर बोअरचं. त्यात मे महिन्याचं ऊन. १०० लिटरच्या टाकीतून रोज २ लिटर पाणी उडतं असं धरा. तुम्ही तेवढंच बोअरचं पाणी वर ओतता. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट आपल्या मानकांना चालतं. तेवढं त्यात असेल, तर रोज ९० मिलिग्रॅम आत गेलं. वाफेबरोबर ते जात नाही, मागेच राहतं. तीस दिवसांत २७०० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरमागे २७ची भर. माशांच्या खाद्यातून येणारं वेगळंच. प्रवाळ पाळणारे सहसा ते दहाच्या आत ठेवू पाहतात.

आणि इथेच संशोधकाची फसगत होते. हिरव्यागार टाकीत टेस्ट किट कधी कधी नायट्रेट शून्य दाखवतं. तुम्ही वहीत लिहिता, 'पोषकद्रव्यं कारणीभूत नाहीत'. खरं तर ती शेवाळाने आधीच शोषलेली असतात. मग औषध ओतून सगळं शेवाळ एकदम मारलं, तर ते पाण्यातच सडतं. प्राणवायू घटतो, शोषलेलं सगळं परत पाण्यात उतरतं आणि सकाळी मासे वर तरंगताना दिसतात.

म्हणून घरी करायचं ते साधं आहे. वर घालायचं पाणी आरओचं घ्या, खाद्य कमी करा, दिवा कमी तास लावा, शेवाळ हाताने काढून टाकीबाहेर टाका आणि गोगलगायींना त्यांचं काम करू द्या. वॉरिंग्टनची युक्ती अजून चालते.

संशोधनासाठी मात्र एक सवय लावून घ्या. विषयाच्या शीर्षकात 'उपद्रव', 'मागास', 'पडीक' असं एखादं विशेषण आलं, की विचारा: हे कुणी ठरवलं, कधी आणि त्याआधी याच गोष्टीला काय म्हणत होते? सारांश लिहिण्याआधी हे एक पान लिहून पाहा. पुष्कळदा विषय तिथेच बदलतो. तो तेव्हा बदललेला बरा, तिसऱ्या वर्षी बदलावा लागला तर फार महागात पडतं.