वास्को द गामाचे दोन मार्क

बँकेतल्या माणसाला प्रवासाची हौस नसली तरी चालते, पण एल.टी.सी. वाया गेलेली त्याला सहन होत नाही. ‘ब्लॉक’ संपत आला की ज्यानं आयुष्यात दादरच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही, असा आमचा कॅशियरही टाइमटेबल उघडून काश्मीरची चौकशी करू लागतो. गेल्या खेपेला माझाही ब्लॉक संपत आला होता. हिचं मत उटीला पडलं, मुलीचं गोव्याला पडलं, आणि माझं नेहमीप्रमाणे कुणी विचारलंच नाही. अशा वेळी गावाहून अण्णांचा फोन आला. अण्णा फोनवर पत्रातल्यासारखे बोलतात. “विशेष असे की, मला कालिकतला जायचे आहे. जमत असल्यास कळविणे.”

अण्णा म्हणजे माझे वडील. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदराच्या गावी, हायस्कुलात चौतीस वर्षं त्यांनी इतिहास-भूगोल शिकवला. चौतीस वर्षं दर जूनला वास्को द गामा लिस्बनहून निघायचा आणि सहामाही परीक्षेच्या आत कालिकतला पोचायचा. भिंतीवरच्या नकाशावर अण्णांची छडी आफ्रिकेला वळसा घालून मलबारच्या किनाऱ्याला टेकली, की सगळा वर्ग ओरडायचा, “२० मे १४९८!” आमच्या घरात माझा वाढदिवस दोनदा विसरला गेला आहे, पण ही तारीख कधी कोणी विसरलेलं नाही. असं असूनही अण्णा स्वतः सावंतवाडीच्या खाली कधी उतरले नव्हते. आता वय सत्त्याहत्तर, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. “दुसऱ्या डोळ्याचा भरवसा नाही, तोवर बघून येऊ,” एवढंच ते म्हणाले. उटी रद्द झाली.

नेत्रावती एक्स्प्रेसला आम्ही मुंबईहून बसलो, अण्णा रत्नागिरीला चढले. हातात पिशवी, पिशवीत चिवडा, आणि चिवड्याच्या खाली वर्गातली जुनी टिपणवही. कारवार आलं तेव्हा खिडकीतून समुद्राच्या दिशेनं बोट करून त्यांनी डब्यातल्या सर्वांना सांगितलं की, तिकडे अंजदीव बेट आहे, परतीच्या वाटेवर वास्को तिथं थांबला होता. समोरच्या बाकावरचे गृहस्थ झोपले होते. त्यांना उठवून सांगितलं.

कोझिकोडहून, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातल्या कालिकतहून, कप्पाड सोळा-एक किलोमीटर उत्तरेला. जागा म्हणाल तर किती? माडांच्या मागं लपलेली चंद्रकोरीएवढी वाळू, एका अंगाला समुद्रात घुसलेले काळे खडक, खडकावर एक जुनं देऊळ. २०२० साली या किनाऱ्याला स्वच्छतेबद्दलचं ‘ब्लू फ्लॅग’ मिळालं, त्यामुळे आता तिथं फरसबंदी वाट आणि कचऱ्याचे डबे आहेत. पण आम्ही गेलो त्या सकाळी दोन कोळी, एक कुत्रं आणि आम्ही, एवढीच वस्ती होती. युरोपच्या व्यापाराची दिशा बदलणारी जागा म्हणून मनात निदान आपल्या गेटवे ऑफ इंडियाएवढं काहीतरी होतं. प्रत्यक्षात रस्त्याकडेला एक छोटासा स्तंभ. वास्को द गामा १४९८ साली इथं उतरला, अशा अर्थाचा मजकूर त्यावर आहे. लांबून मैलाचा दगड वाटला. मुलगी म्हणाली, “एवढंच?” अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, मजकूर दोनदा वाचला, आणि टोपी नसतानाही टोपी सारखी केल्यासारखा हात डोक्याला लावला.

घोटाळा झाला तो चहाच्या टपरीवर. टपरीवाल्याची हयात चेंबूरला गेली होती, त्यामुळे हिंदी थेट आमच्या बँकेतली. अण्णांनी कौतुकानं स्तंभाकडे बोट केलं, तसा तो ग्लास विसळता विसळता म्हणाला, “साब, जहाज इधर रुका. आदमी उधर उतरा.”

“उधर किधर?”

“पंतलायनी. आगे, कोयिलांडीके पास.”

मी अण्णांकडे पाहिलं. चौतीस वर्षांच्या बॅलन्सशीटमध्ये फरक निघाल्यावर ऑडिटरसमोर मॅनेजरचा जो चेहरा होतो, तो मला पाहवत नाही. पण अण्णा शांतपणे टिपणवही काढून म्हणाले, “बरोबर आहे त्याचं.” आणि तिथंच बाकड्यावर, चहा निवत ठेवून, त्यांनी तास घेतला. तो जसा ऐकला तसा लिहितो.

२० मे १४९८ ला जहाजं या किनाऱ्यासमोर नांगरली, हे खरं. पण वास्को त्या दिवशी उतरलाच नाही. आधी किनाऱ्यावर कुणाला पाठवलं? एका शिक्षा झालेल्या कैद्याला. धोक्याच्या जागी पुढं करण्यासाठी असे कैदी ते बरोबरच आणत. (आमच्या बँकेत वसुलीला पहिल्यांदा नवीन क्लार्कला पाठवतात, त्यामागचं तत्त्व हेच असावं.) तो बिचारा जीव मुठीत धरून गेला, तर समोर ट्युनिसचे दोन व्यापारी, आणि ते चक्क स्पॅनिश बोलणारे! दहा महिने समुद्र तुडवून जगाच्या टोकाला यावं आणि तिथं ओळखीच्या भाषेत “तुम्हाला इथं कुणी आणलं?” असं ऐकून घ्यावं, यापरता पाणउतारा नाही. म्हणजे ज्याचा ‘शोध’ लागायचा होता, तिथं माणसं आधीच दुकान मांडून बसली होती.

सामुरी राजा तेव्हा पोन्नानीला होता. मे अखेर, पावसाळा तोंडावर, समुद्राचा तळ खडकाळ. तेव्हा इथं नांगर टाकून राहू नका, पंतलायनीला या, असा राजाकडूनच निरोप आला. तिथं २८ मेला वास्को उतरला. वाटेत एक देऊळ लागलं, ते त्यांना चर्च वाटलं आणि आतल्या देवीला मेरी समजून त्यांनी प्रार्थना केली. मग आला आहेराचा प्रसंग. राजासाठी काढलेल्या वस्तू अशा: पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे बारा नग, तांबड्या टोपड्या चार, हॅट सहा, पोवळ्याच्या माळा चार, हात धुण्याची भांडी सहा, साखरेची एक पेटी, तेलाची दोन पिंपं आणि मधाची दोन.

“अगबाई!” ही म्हणाली. “आमच्या सुमीच्या लग्नात यांच्या हेड ऑफिसनं दिलेला आहेर याहून बरा होता.”

राजाचे अधिकारी हा आहेर बघून हसलेच. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून जास्त देतो, राजाला द्यायचं तर सोनं द्या, असं त्यांनी ऐकवलं. आहेर राजापर्यंत गेलाच नाही. पुढं तीन महिने घासाघीस झाली. निघताना राजानं बंदराच्या रिवाजाप्रमाणे ६०० झेराफिन मागितले, तर हे महाशय ते न भरता, वर तिथली काही माणसं ताब्यात घेऊन चालते झाले. या मुद्द्यावर माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. म्हणजे युरोप आणि हिंदुस्थान यांच्या समुद्रावरच्या व्यवहाराचं पहिलं खातंच थकबाकीत गेलं म्हणायचं! आणि गंमत अशी की, ‘पगार’ हा आपला शब्द आलाय पोर्तुगिजांकडून, त्यांच्या ‘पैसे चुकते करणे’ या क्रियापदावरून. हापूसचं नाव त्यांचं, बटाटा, पाव, चावी हे शब्द त्यांचे. न भरलेल्या पैशांच्या बदल्यात शब्द ठेवून गेले, असा हिशेब मी मांडला. अण्णा हसले नाहीत.

“१५०२ ला तो परत आला,” ते म्हणाले. “मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज भर समुद्रात अडवलं, लुटलं आणि माणसांसकट जाळलं. शेकडो माणसं. बायका, मुलं. मग या कालिकतवर तोफा डागल्या. हे पुस्तकात नव्हतं म्हणून मी शिकवलं नाही. आणि जे पुस्तकात नव्हतं, तरी एका मुलानं बरोबर लिहिलं होतं, ते मी खोडलं.”

मला कळलं ते कुणाबद्दल बोलताहेत. मी त्याच वर्गात होतो. आठवीची सहामाही. प्रश्न: हिंदुस्थानचा सागरी मार्ग कोणी शोधून काढला? मार्क दोन. मी ‘वास्को द गामा’ लिहून दोन घेतले. माझ्या शेजारी बसणारा खारव्यांचा मुलगा. त्यानं लिहिलं, ‘कोणी नाही. माझे आजोबा सांगतात, ती वाट खलाशांना आधीच माहीत होती.’ अण्णांनी शून्य दिलं. नुसतं शून्य देऊन थांबले असते तर गोष्ट वेगळी. उत्तर वर्गात मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, “पुढच्या वेळी आजोबांनाच परीक्षेला बसव.” वर्ग हसला. मीही हसलो, माझे वडील मास्तर असल्यामुळे जरा जास्तच मोठ्यानं हसलो. नववीला तो वर्गात नव्हता. शाळा त्या उत्तरामुळे सुटली असं मी म्हणणार नाही, घरची होडी होतीच. पण बाक रिकामा झाला तो झालाच.

अण्णांनी वहीवर बोट ठेवलं. “हे बघ. आफ्रिकेतल्या मालिंदीहून वास्को निघाला तो गुजराती वाटाड्या घेऊन, वाऱ्याचा मोसम साधून. महिन्याच्या आत इथं पोचला. परत जाताना वारा फिरायची वाट न बघता निघाला. अंजदीवहून पलीकडचा किनारा दिसायला जवळजवळ तीन महिने लागले. तीसएक माणसं स्कर्व्हीनं मेली. वल्ही-शिडं हाताळायला माणसं उरली नाहीत म्हणून एक जहाज स्वतःच्या हातानं जाळावं लागलं. सुमारे १७० निघाले होते, लिस्बनला निम्मेही परतले नाहीत. वाट कुणाला माहीत होती, हे या दोन आकड्यांत आहे. आकडे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत होतो. वाचले मात्र त्या पोराच्या आजोबांनी.”

चहाचे पैसे टपरीवाल्यानं घेतले नाहीत. “मुंबईका मेहमान,” म्हणाला. येणाऱ्याला पाणी विचारायची या किनाऱ्याची रीत पाचशे वर्षांत बदललेली दिसली नाही.

परतीच्या गाडीत अण्णांना झोप नव्हती. मध्यरात्री मला हलवून विचारलं, “तुमच्या बँकेत जुनी नोंद चुकलेली सापडली तर काय करता रे?”

मी म्हटलं, “खोडायची नसते, अण्णा. खोडली तर नोकरी जाते. जुनी आहे तशी ठेवायची आणि आजच्या तारखेला दुरुस्तीची नोंद करायची. खाली सही.”

“हं,” म्हणाले आणि कुशीवर वळले.

रत्नागिरीला ते उतरले. पुढचं मला गावाहून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा काठी टेकत जेटीवर गेले. माझा वर्गमित्र जाळं उसवत बसला होता. आता त्याच्या दोन लाँची आहेत. सर आलेले बघून तो उठून उभा राहिला, हात मागे, वर्गात राहायचा तसा. अण्णा म्हणाले, “आठवीच्या पेपरात तुझे दोन मार्क माझ्याकडं राहिलेत. ते द्यायला आलोय. आणि आजोबांची माफी मागायची होती, पण ते नसतील आता.”

तो म्हणे बराच वेळ नुसता बघत राहिला. मग म्हणाला, “सर, मी तर कधीच विसरलो.” अण्णांनी मला फोनवर हे सांगितलं आणि पुढं म्हणाले, “पण प्रश्न कुठला होता ते मी न सांगताच त्यानं सांगितलं.”

येताना त्यानं अण्णांच्या पिशवीत दोन पापलेटं घातली. अण्णांनी पैसे देऊ केले ते घेतले नाहीत. पापलेटं मोठी होती, एवढं कळलं. तेहतीस वर्षांचं व्याज कोणाकडून कोणाला निघतं, हे गणित मात्र मी बँकेत वीस वर्षं काढूनही सोडवू शकलेलो नाही.

राहता राहिले माझे दोन मार्क. ते पाठ करून मिळवलेले आहेत. अण्णांनी अजून परत मागितलेले नाहीत, आणि मीही अजून स्वतःहून विषय काढलेला नाही. पुढच्या ब्लॉकमध्ये बघू.