मुरुमांची मलमे आणि फिलाडेल्फियाचा तुरुंग



कामगार संघटनेत पंचवीस-तीस वर्षे काढलेला माणूस मुरुमांच्या मलमांवर बोलणार, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहींना हसू आले असेल. मलाही आधी आलेच होते. पण या विषयाशी माझी गाठ आरशासमोर पडली नाही, लेथसमोर पडली. एका कारखान्यात लेथवरच्या पोरांच्या मांड्यांवर आणि हातांवर काळ्या तोंडाच्या पुळ्यांचे पीक आले होते. व्यवस्थापकांचे म्हणणे, पोरे अंगाला साबण लावीत नाहीत! माझे शिक्षण नववीपर्यंतचे. पण वाचनालयाचे वर्गणीदार होतो. तिथल्या एका जाड ग्रंथात सापडले की, यंत्रावर ओतले जाणारे तेल कपड्यांत मुरते, केसांच्या मुळांशी साचते, छिद्रे बुजवते आणि पुळ्या आणते. म्हणजे दुखणे धंद्याचे, घाणेरडेपणाचे नव्हे. एप्रन आणि धुतलेले कपडे मिळवायला आम्हांला चार महिने भांडावे लागले. तेव्हापासून या विषयावर हाती येईल ते वाचीत आलो.

आपल्याकडे या विकाराला तारुण्यपीटिका हे नाव जुने आहे. सुश्रुताने त्यांना मुखदूषिका म्हटले आणि सावरीच्या काट्यांची उपमा दिली. लोध्र, धने आणि वेखंड यांचा लेप वैद्य सांगत आले. पश्चिमेकडे गंधकाचा मान मोठा होता. गंधक कातडीचा वरचा थर सैल करतो, जंतूंनाही थोडा आवरतो. पण वास असा की लावणाऱ्याजवळ कोणी बसू नये. सॅलिसिलिक आम्लाची तऱ्हा निराळी. ते तेलात विरघळते, म्हणून तेलाने भरलेल्या छिद्रात शिरू शकते. शेकडा अर्धा ते दोन या प्रमाणात ते आजही विकले जाते. सौम्य रोगाला ही दोन्ही पुरतात, त्यापुढे नाही.

मुरुम होतो कसा, हे थोडक्यात सांगतो. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. तिच्या वाटेत मेलेल्या पेशींचे बूच बसते, आत तेल तुंबते, आणि प्राणवायूवाचून वाढणारे जंतू तिथे संसार थाटतात. मग सूज, मग पू.

आता बेन्झॉइल पेरॉक्साइड पाहा. हे मूळचे पिठाच्या गिरणीतले, मैदा पांढरा करणारे द्रव्य. 1965 साली कॅनडातील डॉक्टर विल्यम पेस यांनी ते गंधकाबरोबर मिसळून मुरुमांवर वापरल्याचे प्रसिद्ध केले. ते छिद्रात प्राणवायू सोडते, आणि त्या जंतूंना नेमका तोच सोसत नाही. क्लिंडामायसिनसारख्या प्रतिजैविकाला जंतू सरावतात, याला सरावल्याचे आढळलेले नाही. म्हणूनच डॉक्टर ही दोन्ही जोडीने देतात. मैदा पांढरा करणारे द्रव्य उशीचा अभ्राही पांढरा करते, हे घरच्या बायकांना कोणी सांगावे लागत नाही! शेकडा अडीच, पाच आणि दहा अशा तीन प्रमाणांची तुलना 1986 साली प्रसिद्ध झाली. सुजलेल्या पुळ्यांवर अडीचचा गुण दहाच्या तोडीचा निघाला आणि आग कमी झाली. तरीही दुकानात गिऱ्हाईक दहाचीच नळी मागते. जास्त जहाल ते जास्त गुणकारी, ही समजूत दारूपासून औषधापर्यंत सगळीकडे सारखीच आहे.

त्या तुलनेच्या लेखकांत एक नाव होते ॲल्बर्ट क्लिगमन. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले हे त्वचारोगतज्ज्ञ. अ-जीवनसत्त्वाचे आम्ल, म्हणजे ट्रेटिनॉइन, मुरुमांवर चालते हे त्यांनी फुल्टन व प्लेविग यांच्याबरोबर 1969 साली दाखवून दिले. त्याआधी जर्मनीत श्टुटगेन यांनी ते कातडीवर लावून पाहिले होते, पण कातडी फार जळते म्हणून गाडी पुढे गेली नाही. ट्रेटिनॉइन जंतूंच्या वाटेस जात नाही. ते बूचच बसू देत नाही. पहिले काही आठवडे चेहरा सोलतो, लाल होतो, मुरुम वाढल्यासारखे वाटतात, आणि घाबरलेला माणूस नळी फेकून देतो. धीर धरला तर गुण येतो. उजेडात ते निकामी होते म्हणून रात्री लावायचे. गर्भवती स्त्रीने लावायचेच नाही. माझ्या मुलीच्या फळीवर आज या दोन्ही नळ्या आहेत, सकाळची पेरॉक्साइडची आणि रात्रीची ट्रेटिनॉइनची. औषधे चांगली आहेत. क्लिगमन यांच्या बुद्धीबद्दलही माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगाबद्दल. कैद्यांच्या पायांना झालेल्या बुरशीच्या विकारासाठी क्लिगमन 1951 साली तिथे गेले आणि 1974 पर्यंत तिथे प्रयोग चालवीत राहिले. मलमे, अत्तरे, साबण, औषधे, ट्रेटिनॉइनसुद्धा, सारे कैद्यांच्या पाठी-दंडांवर तपासले गेले. कैदी बहुतेक काळे होते. अनेकांचा खटलाही उभा राहिलेला नव्हता. जामिनाला पैसे नाहीत म्हणून ते आत होते. तुरुंगातल्या कामाला दिवसाकाठी काही सेंट मिळत, प्रयोगाला डॉलर मिळत. पत्करले की नाही त्यांनी आपखुशीने, असे कोणी म्हणेल. उपाशी माणसाच्या आपखुशीवर मी गेटसभेत पुष्कळ बोललो आहे, इथे बोलत नाही.

आता पुन्हा कारखान्याकडे या. 1964 साली अमेरिकेत मिडलंड येथे डाऊ केमिकलच्या कामगारांच्या अंगावर मुरुमांचा उठाव झाला. हा साधा मुरुम नव्हे. क्लोरिनयुक्त रसायनांनी येणारा, क्लोरॅक्ने नावाचा. 1899 साली जर्मनीत हर्क्सहायमर यांनी तो कामगारांतच वर्णिला होता. इथे तणनाशक बनवताना निपजणारे डायऑक्झिन हे विष त्याच्या मुळाशी होते. किती विषाने मुरुम उठतो, हे कंपनीला हवे होते. तिने क्लिगमन यांना 10,000 डॉलर दिले. 1965-66 मध्ये सत्तर कैद्यांच्या कातडीवर डायऑक्झिन लावले गेले, कंपनीने सांगितल्याप्रमाणे फार तर 16 मायक्रोग्रॅमपर्यंत. कोणाला मुरुम आला नाही. मग क्लिगमन यांनी स्वतःच्या मर्जीने दहा कैद्यांना 7,500 मायक्रोग्रॅम लावले, म्हणजे सुमारे 468 पट. आठ जणांना मुरुम उठले आणि चार ते सात महिने राहिले. ते लवकर बरे व्हावेत म्हणून औषध दिले गेले नाही.

पंधरा वर्षे हे बाहेर फुटले नाही. 1980-81 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्यापुढील सुनावणीत प्रयोग उघड झाला, तेव्हा त्या माणसांचे पुढे काय झाले हे कोणाला सांगता येईना. ते कोण होते याच्या नोंदीच उरल्या नव्हत्या. आमच्या हजेरीपुस्तकात एका दिवसाचा खाडा सुद्धा सापडतो!

ॲलन हॉर्नब्लम यांचे पुस्तक 1998 साली आल्यावर सुमारे तीनशे माजी कैदी 2000 साली न्यायालयात गेले. दावा मुदतबाह्य ठरला. तो शब्द मी कामगार न्यायालयाच्या ओट्यावर इतक्यांदा ऐकला आहे की परदेशातला निकाल वाचूनही ओळखीचा वाटला. क्लिगमन 2010 साली वारले. विद्यापीठाच्या वैद्यक विभागाने 2021 मध्ये माफी मागितली, शहराने 2022 मध्ये. तोवर कैद्यांपैकीही बरेच गेले होते.