कोळशाच्या बोटीवरचं पितळ

इंग्लंडच्या कालव्यांवरच्या जुन्या मालवाहू बोटीचा फोटो कधी समोर आला, तर आधी तिच्या धुराड्याकडे बघा. काळं, आखूड धुराडं आणि त्यावर पितळेच्या तीन झगझगीत पट्ट्या. हे धुराडं काढता-घालता येतं, कारण कालव्यांवरचे पूल आणि बोगदे बुटके. पुलाचा धक्का लागून ते पाण्यात पडू नये म्हणून छताला साखळीनं बांधलेलं असतं, आणि ती साखळीही पुष्कळदा पितळेचीच. केबिनच्या दारातून आत डोकावलं की चुलीच्या वर पितळेची दांडी, भिंतीवर ओळीनं बसवलेले पितळी गोळे, पितळी दिवा, चामड्याच्या पट्ट्यावर एकाखाली एक ओवलेली घोड्याच्या साजाची पितळी पदकं.

आता बोटीच्या पुढच्या भागाकडे बघा. तिथे २०-२५ टन कोळसा भरलेला आहे.

मला या विषयाकडे ओढलं ते या विसंगतीनं. कोळशाच्या धुरात गंधक असतं आणि गंधक तांब्याच्या कुठल्याही मिश्रधातूला काळं करतं. त्यात भर म्हणून चोवीस तास पाण्याची दमट हवा आणि केबिनमध्ये दिवसरात्र पेटलेली चूल. पितळ ठेवायला याहून वाईट जागा शोधूनही सापडणार नाही. तरीही हे लोक पितळ गोळा करत होते आणि रोज घासत होते. ते का, हे समजून घ्यायचं तर आधी ही माणसं बोटीवर राहायला कशी आली ते बघावं लागतं.

१७६१ साली ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरचा कालवा सुरू झाला. वर्स्लीच्या खाणीतला कोळसा पाण्यानं मँचेस्टरला येऊ लागला आणि शहरात कोळशाचा भाव जवळपास निम्म्यावर आला. हा कालवा बांधण्यात ज्याचा मोठा वाटा होता, त्या जेम्स ब्रिंडलीनं पुढे ट्रेंट अँड मर्सी कालव्याची आखणी केली. तो पूर्ण झाला १७७७ साली, ब्रिंडलीच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. कालव्याला चढ-उतार पार करायला लॉक लागतात. म्हणजे दोन्ही बाजूंना दारं असलेले हौद. बोट आत घ्यायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं, आणि बोट वरच्या किंवा खालच्या पातळीवर न्यायची. ब्रिंडलीच्या कालव्यावर हे लॉक सुमारे सात फूट रुंद आणि सत्तर-बहात्तर फूट लांब ठेवले गेले. पुढे मिडलँड्समधल्या बहुतेक कालव्यांनी तेच माप उचललं. त्यामुळे बोटही तेवढीच झाली. लांबीला सत्तर फूट, रुंदीला सात फुटांहून थोडी कमी. तिचं नाव पडलं नॅरोबोट. एक घोडा काठावरून चालत ही बोट ओढायचा.

सुरुवातीला बोट चालवणारे पुरुष आणि त्यांचे मदतनीस असत. कुटुंब काठावरच्या घरात राही. मग १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे धावली आणि पुढच्या वीस वर्षांत देशभर रूळ पसरले. मालवाहतुकीचे दर पडले. नावाड्याला पैसे मिळायचे खेपेमागे, टनामागे. घरभाडं आणि मदतनीसाची मजुरी दोन्ही परवडेना, तेव्हा बायको-मुलं बोटीवर आली. काही कुटुंबं त्याआधीही बोटीवर राहत होती, पण आता ती रीतच होऊन बसली. बायको सुकाणू धरी, पोरं घोड्यामागे चालत, लॉकची दारं ढकलत. या कामाचा पगार वेगळा कुणालाच मिळत नसे.

राहायला जागा किती? सत्तर फुटांतली जवळजवळ सगळी मालाला. शेपटाकडच्या टोकाला साधारण दहा फूट लांबीची केबिन. दारातून आत पाऊल टाकलं की डावीकडे लोखंडी चूल, तिच्यापुढे एक कपाट. कपाटाचं दार खाली पाडलं की त्याचंच टेबल होतं. एका बाजूला बाक, तोच रात्री बिछाना. पुढच्या टोकाला आडवी फळी पाडली की नवरा-बायकोची झोपायची जागा. सकाळी फळी परत भिंतीत. भिंतींवर किल्ले आणि गुलाबांची चित्रं, काठाला जाळी असलेल्या चिनी मातीच्या बश्या, क्रोशाच्या पांढऱ्या झालरी. आणि पितळ.

यातलं बरंचसं पितळ मुळात पलंगांचं होतं. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅम हे पितळकामाचं मोठं केंद्र होतं. नळ, दिवे, दारांच्या मुठी आणि मध्यमवर्गीय घरांत मिरवणारे पितळी पलंग तिथे मोठ्या प्रमाणावर बनत. या शहराच्या भट्ट्यांना कोळसा पुरवला तो कालव्यांनी. वेन्सबरीच्या खाणींकडून बर्मिंगहॅमकडे येणारा कालवा १७६९ सालीच सुरू झाला होता. पलंगाच्या खांबांवर बसवायचे ते पितळी गोळे बोटींच्या केबिनमध्ये आले. गंमत बघा: ज्या घरात पलंग मावणंच शक्य नव्हतं, त्या घराच्या भिंतीवर पलंगाचे गोळे ओळीनं लागले.

याचं एक कारण अगदी व्यावहारिक आहे. केबिन अंधारी, दिवा एकच. घासलेलं पितळ आणि बश्यांची चकाकी दिव्याचा उजेड परत खोलीत फेकतात. शिवाय लोखंडासारखं पितळ गंजून झिजत नाही. पण एवढ्यासाठी रोज सकाळी चिंधी घेऊन कुणी बसत नाही. कारण दुसरंही होतं, आणि ते काठावर उभं होतं.

बोटीवरचे लोक जमिनीवरच्या माणसांना ‘काठावरचे’ म्हणत. काठावरच्यांना हे लोक संशयास्पद वाटत. आज इथे, उद्या तिथे; मुलं शाळेत नाहीत, माणसं चर्चमध्ये नाहीत. वर अंगावर कोळशाची धूळ. १८७५ साली जॉर्ज स्मिथ नावाच्या सुधारकाचं ‘अवर कॅनाल पॉप्युलेशन’ हे पुस्तक आलं. स्मिथ स्वतः लहानपणी वीटभट्टीवर राबलेला माणूस. वीटभट्ट्यांवरच्या मुलांसाठी त्यानं आधी लढा दिला होता आणि मग तो कालव्यांकडे वळला. त्यानं रंगवलेलं चित्र भीषण होतं. घाण, दारू, अज्ञान, एका केबिनमध्ये कोंबलेली माणसं. त्याच्या मोहिमेतून १८७७ चा कॅनाल बोट्स अ‍ॅक्ट आला आणि १८८४ मध्ये त्यात सुधारणा झाली. प्रत्येक बोटीची घर म्हणून नोंदणी सुरू झाली. किती माणसं राहू शकतात ते हवेच्या मापावर ठरू लागलं: बारा वर्षांवरच्या माणसाला ६० घनफूट, त्याखालच्या मुलाला ४०. साडेसहा फूट रुंद आणि जेमतेम पाच फूट उंच केबिनमधून चूल आणि कपाटं वजा करून बघा. दोन मोठी माणसं आणि दोन-तीन मुलं, एवढाच हिशोब बसतो. आता निरीक्षक कधीही दारात उभा राहू शकत होता.

हॅरी हॅन्सन या इतिहासकारानं पुढे १९७० च्या दशकात कालव्यावरच्या माणसांचा नीट अभ्यास केला, तेव्हा स्मिथचे आकडे आणि त्याचं चित्र दोन्ही भडक असल्याचं दिसलं. पण हे शंभर वर्षांनी. त्या काळात बोटीवरच्या बाईकडे उत्तर द्यायला काय होतं? ती पुस्तक लिहू शकत नव्हती. बहुतेकींना सहीसुद्धा करता येत नसे. निरीक्षकाच्या वहीत काय लिहिलं जातंय तेही तिला वाचता येत नव्हतं. तिच्या हातात होतं ते पितळ.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा, म्हणून मला हे माझ्या भाषेत लवकर कळतं. मोठ्या सिस्टिममध्ये प्रत्येक सर्व्हर ठरावीक वेळानं एक छोटा संदेश पाठवत राहतो. त्याला आम्ही हार्टबीट म्हणतो. संदेशात माहिती जवळपास काहीच नसते, फक्त ‘मी आहे, चालू आहे’ एवढंच. त्याची सगळी किंमत तो वारंवार येण्यात आहे. काल आलेला हार्टबीट आज कामाचा नाही. पितळेची चमक तशीच आहे. भिंतीवरचं चित्र एकदा काढलं की काही वर्षं टिकतं. बशी एकदा घेतली की फुटेपर्यंत टिकते. पण कोळशाच्या बोटीवर पितळ चार दिवसांत मंद पडतं. त्यामुळे ते चकाकत असेल तर त्याचा अर्थ एकच होतो: इथे कुणीतरी आत्ताच हात फिरवलाय. काठावरून जाणाऱ्या कुणालाही, अक्षर न वाचता, हे कळत होतं. शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या बोटीवरच्या बाईला तर नक्कीच कळत होतं, आणि तिचं मत निरीक्षकाच्या मतापेक्षा जास्त टोचत असणार.

घासायला आधी विटेची बारीक पूड आणि चिंध्या चालत. १९०५ साली हल शहरातल्या रेकिट कंपनीनं ब्रासो बाजारात आणलं. एनसीसीत असताना बेल्टचं बक्कल ज्यांनी घासलंय त्यांना तो वास आणि बोटांना लागणारा काळा थर आठवत असेल. परेडच्या आदल्या रात्री एक बक्कल घासतानाही हात भरून येतो. इथे अख्खी केबिन होती आणि परेड रोजची होती.

मात्र इथे थांबलं तर चित्र फार गोड होईल. चकचकीत पितळामुळे स्मिथचं सगळं म्हणणं खोटं ठरत नाही. केबिन खरोखरच कोंदट होती. मुलं खरोखरच शाळेत जात नव्हती; बोट एका गावात दोन दिवस थांबली तर मुलं दोन दिवस शाळेत बसत आणि पुढच्या गावी पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात. विसाव्या शतकात डिझेलच्या बोटी आल्या. इंजिनाची बोट पुढे आणि तिनं ओढलेली बिनइंजिनाची ‘बटी’ मागे. तेव्हा मागच्या बोटीचं सुकाणू बहुधा घरच्या बाईकडे असे. सुकाणू, स्वयंपाक, धुणं, तान्हं मूल, लॉक, आणि वर पितळ. सुकाणू धरणारं माणूस केबिनच्या दारातच उभं राहतं, समोर पायांशी चुलीची ऊब आणि हाताशी दाराच्या आतल्या बाजूचं पितळ. आपण स्वच्छ आहोत हे ज्यांना सारखं सिद्ध करावं लागतं, त्यांचा तेवढा वेळ रोज जातो, आणि ज्यांच्यावर संशय नसतो त्यांचा वाचतो. हे फक्त कालव्यावर घडलं असं नाही. कुठल्याही शहरात भाड्याचं घर शोधताना घरमालकासमोर काही जणांना जास्त इस्त्रीचे कपडे घालून उभं राहावं लागतंच.

१९४८ मध्ये कालव्यांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ट्रकनी बराच माल आधीच पळवला होता. १९६२-६३ चा हिवाळा भयंकर निघाला. कालवे आठवडेच्या आठवडे गोठले, बोटी जागच्या जागी अडकल्या आणि माल दुसऱ्या वाटेनं गेला तो परतलाच नाही. १९६३ मध्ये सरकारी नॅरोबोट वाहतूक जवळपास बंद झाली. त्याच वर्षी नॉर्थहॅम्प्टनशरमधल्या स्टोक ब्रुर्न गावी कालव्यांचं संग्रहालय उघडलं. एका बाजूला जगणं बंद होत होतं आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या वस्तू काचेआड जात होत्या. खाजगी खेपा थोड्या चालू राहिल्या. लंडनमधल्या साउथॉलच्या जॅम कारखान्याला कोळसा नेणारी, नावाड्यांच्या बोलीत ‘जॅम ओल’ची खेप, १९७० साली संपली. बोटीवर जन्मलेली माणसं घरं घेऊन काठावरची झाली.

आज ब्रिटनच्या कालव्यांवर ३० हजारांहून जास्त बोटी आहेत. बहुतेक हौसेच्या, काही राहण्याच्या. लंडनमधलं भाडं परवडत नाही म्हणून बोटीवर राहणारे माझ्या वयाचे पुष्कळ जण आहेत. कायमची जागा नसेल तर त्यांना साधारण चौदा दिवसांनी पुढे सरकावं लागतं, आणि काठावरच्या काहींना ते अजूनही संशयास्पद वाटतात. धुराड्याच्या तीन पट्ट्या, पितळी गोळे, सुकाणूच्या दांड्यावर बसणारी शोभेची पितळी खीळ, सगळं आता ऑनलाइन मिळतं. वर पारदर्शक लॅकर चढवलेलं पितळही मिळतं. ते काळं पडत नाही, घासावं लागत नाही. रोज ब्रासो घेऊन बसायची सक्ती कुणावर परत यावी असं मला अजिबात वाटत नाही, त्यामुळे लॅकरला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. फक्त एवढं खरं, की त्या चमकेतून आता काहीच कळत नाही. सर्व्हर बंद पडला तरी हिरवाच राहणारा तो दिवा आहे.

जुन्या पितळाचं तसं नाही. घासताना दर वेळी धातूचा अगदी बारीक थर निघून जातो. वर्षानुवर्षं घासलेल्या पदकांवरची नक्षी बोथट होते, कडा गोल होतात, आणि जुन्या वस्तूंचे जाणकार ही झीज बघूनच अस्सल कोणतं आणि नवं कोणतं ते ओळखायचा प्रयत्न करतात. नोंदणीच्या वह्यांत बोटीचं नाव आहे, मालकाचं आहे, माणसं किती ते आहे. पितळ घासणाऱ्या बाईबद्दल तिथे फार काही सापडत नाही. तिनं किती सकाळी चिंधी घेतली होती, याची नोंद त्या गोळ्यावर आहे: त्याचा जेवढा धातू आज जागेवर नाही, तेवढी.